बोडकीचा टप

पोहे मला मिळायला हवे होते, ते मामांना मिळाले.

म्हणजे पोहे सगळ्यांनाच मिळाले. पण ज्या बशीत खोबरं जास्त होतं, लिंबाची फोड होती आणि जिच्याखाली भरतकामाचा रुमाल होता, ती बशी मुलीने सरळ माझ्या दामूमामांच्या पुढे नेऊन धरली. मग तिने हळूच मान वर केली, डोळे बारीक करून मामांच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. मामा तेव्हा पन्नाशी ओलांडलेले होते. डोक्यावर काळी टोपी होती आणि टोपीखाली काही नव्हतं.

लग्नाचा मुलगा मी होतो. मामांच्या शेजारीच बसलो होतो. मला कोरडी बशी मिळाली.

ही गोष्ट इचलकरंजीतली, पुष्कळ वर्षांपूर्वीची. मी साताऱ्याच्या एका शाळेत भूगोल शिकवत होतो. आई, दामूमामा आणि मी असे तिघे मुलगी बघायला आलो होतो. शुभकार्याला तिघांनी निघायचं नसतं, म्हणून मामांनी चौथी म्हणून कोटाच्या खिशात एक सुपारी घेतली होती. एसटीत तिला धक्का लागू नये म्हणून ते सातारा सोडल्यापासून एका अंगावर बसले होते.

मुलगी तक्क्याजवळ बसली. प्रश्न विचारायचं काम मामांचं होतं. उत्तरं द्यायचं काम मुलीच्या आत्याने घेतलं होतं. त्यांना सगळं घर अक्का म्हणे. तरुणपणीच नवरा गेला, तेव्हापासून भावाकडे. पुढे भावजयही गेली, तेव्हापासून या पोरीची आई त्याच.

"नाव काय बाळ तुझं?" मामांनी विचारलं.

"हेमलता," अक्का म्हणाल्या.

"शिक्षण?"

"बी.ए. झालीया. पन तसं काय जाणवत न्हाई."

"स्वयंपाक येतो का?"

"समदा येतो."

"गाणं वगैरे?"

"येतं. पन म्हनत न्हाई."

मुलगी काहीच म्हणत नव्हती. मधूनमधून डोळे बारीक करून मामांकडे पाही आणि पुन्हा मान खाली घाली. मामा माझ्या कानाशी लागले. "मधू, मुकी नसेल ना रे?"

"विचारा की."

"विचारलं तर अक्का सांगतील."

मुलीचे वडील, विश्वनाथ हावळ, सगळ्या गावाचे अण्णा, हे अजून एक शब्द बोलले नव्हते. घराच्या मागे त्यांचं यंत्रमागाचे सुटे भाग बनवायचं दुकान होतं. ते उंबऱ्यावर अर्धे घरात, अर्धे परसात असे बसले होते आणि त्यातला परसातला भाग जास्त खूश दिसत होता. शेवटची बशी खाली ठेवल्याचा आवाज झाला तसे ते उठले.

"झालं न्हवं? चला मग, गाडी बघू."

"विसू," अक्का म्हणाल्या, "पावनं पोरगी बघाय आल्यात."

"पोरगी बघितली की. आता गाडी."

परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये जे उभं होतं ते बघून मामांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. संस्थानिकांच्या जुन्या फोटोत असते तशी ती गाडी होती. लांबलचक नाक, बाहेर आलेले वाटोळे दिवे, दोन्ही बाजूंना पायऱ्या. फक्त हे सगळं अण्णांनी घरी केलेलं होतं. खालचा सांगाडा जुन्या जीपचा. मडगार्ड पाण्याच्या टाकीच्या पत्र्याचे, आणि एकावर आतल्या बाजूने "पिण्याचे पाणी" ही अक्षरं अजून वाचता येत होती. दिव्यांच्या कडा पितळी होत्या. त्या पूर्वी पराती होत्या हे अक्कांनी आम्हाला विचारलं नसतानाही सांगितलं.

"आणि ह्यो टप," अण्णा म्हणाले. त्यांनी आवाज एकदम खाली आणला, देवघरात आणतात तसा.

मागच्या सीटच्या मागे काळ्या कापडाची एक जाड घडी पडली होती.

"हितंच समदी मेख हाय, मास्तर. टप हाय एका जहागीरदाराच्या मोडीतल्या बग्गीचा. बग्गी अरुंद, गाडी रुंद. म्हणून कमानी मधी कापल्या, वीतभर पट्टी जोडली. रुंदीला बसला. तर लांबीला कमी! पुढची कमान काचंपतूर पोचंना. बरं, ज्या खिळ्यावर समदं फिरतं त्यो खिळा पुढं सरकवला. कमान पोचली. पन घडी केली की टप मागच्या माणसाच्या मानंवर. माणूस आपला वाकून बसल्याला, नमस्कार केल्यागत."

"मग?" मी विचारलं. मला खरंच उत्सुकता वाटायला लागली होती.

"मग ह्ये." त्यांनी बाजूचं लोखंडी कोपर दाखवलं. माणसाच्या कोपरासारखंच, मधे वाकणारं. "ह्याला आनि एक सांधा दिला. हिथं वाकतं, मग हिथं. छत्रीच्या काड्यांचा नमुना करून बघितला आधी. घरातल्या समद्या छत्र्या गेल्या."

"दोन पावसाळं पोतं पांघरून बाजारला जातीया मी," अक्का म्हणाल्या.

"आज पयल्यांदा पुरा लावून बघायचा. पन आतनं दोघं लागत्यात. काचंवर दोन आकडे हायत, डावा-उजवा, एकदम लागाय पायजेत. मास्तर, तुमी डावीकडं बसा. हेमा, उजव्या बाजूला ये."

पाहायला आलेला मुलगा आणि मुलगी एका गाडीत, शेजारी शेजारी, पुढच्या सीटवर.

"मी बसते की," अक्का म्हणाल्या.

"तुजा हात काचंपतूर पोचतोय व्हय?"

अक्का ठेंगण्या होत्या. त्यांनी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "टप लावेपर्यंतच ना? बसू दे." माझ्या आईला यंत्रांचं भारी कौतुक. आमच्या घरी शिवणयंत्र आलं तेव्हा तिने त्याला हळदकुंकू वाहिलं होतं.

आम्ही बसलो. मुलगी चाचपडत आली आणि पायरी चुकता चुकता चढली. अण्णांनी मागून टप ओढला. कमानी एकामागून एक डोक्यावरून गेल्या, काळं कापड ताणलं गेलं, बाजूंचे पडदे खाली पडले आणि आत अंधारलं. मी डावा आकडा लावला. तिने उजवा लावला. बाहेर लोखंड कुरकुरलं आणि थांबलं.

"आयला," अण्णांचा आवाज आला.

"काय झालं?" मामांचा आवाज.

"कोपर सरळ होईना. अर्ध्यात अडकलं. दाराला आडवं आलंया."

मी दार ढकललं. उघडेना. टप मागे लोटून पाहिला. हलेना.

"अक्का, घाबरू नगंस. हेमा, समोरच्या कप्प्यात पकड हाय का बघ गं."

तिने चाचपडत समोरचा कप्पा उघडला, आत हात घातला आणि थांबली.

"नाही अण्णा, पकड नाही."

"नीट बघ."

"नाही."

"मग दुकानातनं आनतो. कुलूप लावलंया. किल्ली कुठं ठिवली बघाय लागंल," असं म्हणत अण्णा गेले. त्यांच्या पावलांना मुळीच घाई नव्हती.

कप्प्यातून तिने पकड काढली नाही, पण एक डबी काढली. डबीतून चष्मा काढला, पदराने पुसला आणि डोळ्यांवर चढवला. चांगला जाडजूड, काचेत वर्तुळं दिसणारा चष्मा. मग ती माझ्याकडे वळली आणि माझ्याकडे बघतच राहिली.

"अय्या," ती म्हणाली. "तुम्ही कोण?"

"मी मुलगा."

"त्यांचा?"

"कोणाचा?"

"टोपीवाल्यांचा. पहिल्या बायकोचा का?"

मला हा प्रश्न नीट समजायला थोडा वेळ लागला. समजला तेव्हा मी जवळजवळ उभाच राहिलो आणि मधली कमान डोक्यात बसली.

"अहो, लग्नाचा मुलगा मी आहे! ते मामा आहेत!"

"देवा!" तिने तोंडावर हात घेतला. "मला वाटलं, बिजवर आहेत आणि अक्काने मला सांगितलं नाही. मला चष्म्याशिवाय टोपी तेवढी दिसत होती. तुम्ही पांढरा शर्ट घातलाय आणि मागे भिंत पांढरी. तुम्ही मला दिसलाच नाहीत."

"बरं झालं, मामांनी हो म्हणण्याआधी कळलं."

ती हसली. ती मुकी नाही एवढं आता नक्की झालं होतं.

मागच्या बाजूला टपाला सेल्युलॉइडची एक छोटी खिडकी होती. तिच्यात अक्कांचा एक डोळा आला. हेमलताने झटकन मान पुढे केली.

"ऐका," ती खाली बघत हळू बोलली. "परत वेळ मिळणार नाही. माझा नंबर उणे सहा आहे. चष्म्याशिवाय मला तुमचं नाकही दिसत नाही. सकाळी अक्काने काढून घेतला. इथे कसा आला, देव जाणे. म्हणते, लग्नापर्यंत घालायचा नाही, मग काय घालायचा तो घाल. याआधी दोन ठिकाणी चष्म्यावरून नकार आलाय, म्हणून. तिचं चुकतं असंही नाही. पण मला तसं जमायचं नाही. सातारला गेल्यावर एक दिवस चष्मा घालून तुमच्यासमोर उभी राहीन, आणि तुम्ही म्हणणार, ही कोण?"

मी डोक्याला आलेलं टेंगूळ चोळलं.

"नाही म्हणालात तरी चालेल. पण बघून नाही म्हणा."

ती पूर्ण माझ्याकडे वळली. चष्मा नाकावर घसरला होता, तो तिने बोटाने वर केला. मी पाहिलं.

"आणि तुमचं काय?" मी विचारलं. "तुम्हीही आता मला पाहिलंत."

"मला विचार करायला वेळ लागेल. तुम्ही आत्ताच दिसलात."

बाहेर मामा अस्वस्थ झाले होते. "करवत आणा! कमान कापा! आमचा मुलगा आत गुदमरतोय!"

दूर दुकानातून अण्णांचा आवाज आला. "कमानीला करवत लावशीला तर याद राखा, पावनं!"

"दोन वर्षं खपलेत यावर," ती म्हणाली. आता तिचा आवाज वेगळा झाला. "गाडी केली ती माझ्या वरातीसाठी. तेव्हा टप नव्हता. गाव हिला बोडकी म्हणायला लागलं. हावळांची बोडकी आली, हावळांची बोडकी गेली. अक्काने तो शब्द स्वतःसाठी ऐकलाय, मागून, पुष्कळ वर्षं. ती म्हणाली, बोडकीतून माझी पोर सासरी जायची नाही. तेव्हापासून अण्णा या टपाच्या मागे आहेत. आज तुमच्यासमोर लावून दाखवायचा होता. आता अक्का गाडी मोडीत घालायला लावेल."

"दुरुस्त होईल की."

"तुम्ही अक्काला ओळखत नाही."

अण्णा आले. पकड सापडली होती. बाहेर काहीतरी खट् झालं, कोपर सुटलं, दार उघडलं. हेमलता चष्मा घालूनच खाली उतरली, आणि या खेपेला पायरी बरोबर सापडली.

अक्कांच्या तोंडून शब्द फुटेना.

मामांच्या फुटला. "हिला चष्मा आहे?"

"आहे," ती म्हणाली. "उणे सहा."

मग ती माझ्या आईकडे वळली. आई आता काय म्हणते याकडे सगळ्यांचे कान. आईने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि सुस्कारा सोडला.

"बाई, सुटले मी. मघापासून वाटत होतं, हिला आमचा दामूच आवडलाय."

अक्कांना राग कुणावर तरी काढायचा होता. तो त्यांनी भावावर काढला. "दोन वरसं घातलीस ह्या डबड्यात! पावन्यांच्या पोराला कोंडून घातलंस! विसू, सांगून ठिवते, उद्या कुटंबी लगीन ठरू दे, वरात भाड्याच्या गाडीतनं जाईल. ही शेडाबाहीर निघायची न्हाई."

"कुटंतरी चुकतंया अक्का," अण्णा म्हणाले आणि पकडीच्या तोंडाकडे बघत राहिले.

साताऱ्याला पोचल्यावर आम्ही होकार कळवला. तिकडून उत्तर यायला वेळ लागला. मुलीकडूनही होकार यावा लागतो ही गोष्ट मामांना नवीन होती. "आपण पसंत केलीय ना? मग तिकडे काय चाललंय?" ते रोज विचारत. काय चाललंय ते मला माहीत होतं. मी आत्ताच दिसलो होतो.

शेवटी होकार आला आणि लग्न इचलकरंजीत झालं. बोहल्यावर मुंडावळ्यांखाली चष्मा होता. अक्कांनी त्यावर एक शब्द काढला नाही; मात्र फोटोग्राफरला बाजूने फोटो काढायला लावले.

जेवणं उरकली आणि माझ्या रुसायची वेळ आली. निघताना नवरदेवाने एकदा रुसायचं असतं आणि मुलीकडच्यांनी त्याची समजूत घालायची असते. मामांनी माझी तयारी करून घेतली होती. "ट्रान्झिस्टरवर रूस," ते म्हणाले होते. "ठाम रूस. हसू नकोस, हसलास की घड्याळावर भागवतील."

मांडवाच्या तोंडाशी फुलांच्या माळा लावलेली भाड्याची पांढरी गाडी उभी होती. मी खुर्चीवर बसलो आणि उठेना.

"नवरदेव रुसले!" कोणीतरी ओरडलं. बायका हसत गोळा झाल्या.

"काय पायजे जावईबापू?" अण्णांनी विचारलं.

"मला त्या गाडीतून जायचं नाही."

मामा पुटपुटले, "ट्रान्झिस्टर, ट्रान्झिस्टर."

"मग कशातनं जायचं?" अक्कांनी विचारलं. त्या बायकांच्या घोळक्याच्या मागे, खांबाला टेकून उभ्या होत्या. सबंध लग्नात त्या तिथेच उभ्या होत्या. हळदीला पुढे आल्या नव्हत्या, सूनमुखालाही नाही. पोर त्यांनी वाढवली होती, पण मांडवात त्यांची जागा त्या खांबापाशीच होती.

मी पाठ करून आणलेलं वाक्य वेगळं होतं. अण्णांनी केलेल्या गाडीतून, असं. पण एवढे लोक बघून मी गडबडलो आणि गावभर ऐकलेलं तेच तोंडातून निघालं.

"बोडकीतून."

हसणं थांबलं. सनईवाल्यालाही कळलं असावं, तोही थांबला. अक्का माझ्याकडे बघत नव्हत्या. खांबाला बांधलेली केळीची पानं सारखी करत होत्या. हेमलताने माझ्या उपरण्याला बांधलेली शेल्याची गाठ अशी ओढली की मी खुर्चीवरून पुढे आलो.

"तिला बोडकी म्हनायचं न्हाई," अण्णा म्हणाले.

ते माझ्याशी बोलत नव्हते. सगळ्या मांडवाला सांगत होते. मग ते वळले आणि परसाकडे गेले. थोड्या वेळाने इंजिन खोकलं, आणि ती गाडी घराला वळसा घालून मांडवासमोर आली. उन्हात पराती झगझगत होत्या. टप मागे घडी होऊन पडला होता.

अण्णा खाली उतरले. मागे गेले. डाव्या हाताने धोतराचा सोगा धरला आणि उजव्या हाताने टप उचलला. एकाच हाताने. कमानी एकामागून एक उलगडत पुढे गेल्या, कापड ताणलं, दोन्ही कोपरं एकदम खट् करून सरळ झाली. मग ते पुढे आले, बाहेरूनच पडद्याखाली हात घातला आणि उजवा आकडा लावला, पलीकडे जाऊन डावा लावला. आत कोणी नव्हतं. आत कोणी लागतच नव्हतं. त्यांनी दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. कशाचाही अडथळा नव्हता.

मी हेमलताकडे पाहिलं. ती वडिलांकडे बघत होती आणि चष्म्याखालून पाणी वाहत होतं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. फक्त अक्का तशाच उभ्या होत्या. त्यांनी टपाकडे पाहिलं, मग कोपराकडे, मग भावाकडे. अण्णा दाराच्या मुठीवर नसलेला डाग बोटाने पुसत होते.

"विसू," अक्कांनी हाक मारली. "ह्यो कवा दुरुस्त केलास?"

"झाला आपला."

"कवा?"

"तेल घातलं जरा."

अक्कांनी एकदा हेमलताच्या चष्म्याकडे पाहिलं. मामा माझ्या कानात म्हणाले, "घड्याळ तरी माग." मी आणि हेमलता मागच्या सीटवर बसलो. टप आमच्या मानेपासून चांगला लांब होता. नवरीबरोबर जायला पाठराखीण म्हणून कोणीतरी मावशी पुढे सरसावली, तेव्हा अण्णांनी पुढच्या दारावर हात ठेवला.

"हितं अक्का बसनार."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एकीने "अहो, पण शुभकार्याला..." असं सुरूही केलं.

"अक्का बसनार," अण्णा म्हणाले.

"माझं काय काम," अक्का खांबापासून म्हणाल्या.

"पाठराखीण हाय. पाठ कुनी राखली हिची?"

हेमलताने पडदा वर करून हात बाहेर काढला. अक्का पदर सारखा करत, कुणाकडे न बघता, घोळक्यातून वाट काढत आल्या. पायरी उंच होती. अण्णांनी हात दिला, तो त्यांनी घेतला नाही. दाराला धरून स्वतःच चढल्या, बसल्या आणि समोरच्या काचेतून सरळ रस्त्याकडे बघू लागल्या. अण्णांनी त्यांच्या बाजूचं दार लावलं, वळसा घालून येऊन बसले आणि गाडी चालू केली.

"आनि हे बघ विसू," अक्का म्हणाल्या. "वाटंत ह्यो अडकवू नगंस. मला कुनाशी काय बोलायचं न्हाई."